आक्रा : तीन शिपाई, एक चौक आणि कापडाचा भाव

ज्यांना कानात हेडफोन घालून ऐकायला जमत नाही, लोकलमध्ये उभ्या उभ्या वाचायलाच बरं पडतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलण्यातलं ‘अं’, ‘म्हणजे’ थोडं कमी केलंय, बाकी सगळं तसंच आहे.

आज आपण जातोय आक्राला. घानाची राजधानी. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, विषुववृत्ताच्या थोडं वर. शेजारच्या तेमा बंदरातून तर ती शून्य रेखांशाची, म्हणजे ग्रिनिचची रेषाच जाते. त्यामुळे घड्याळाचा हिशोब सोपा आहे : आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. तुम्ही रात्री जेवून आडवे होता तेव्हा तिथे दुपार उतरत असते आणि रस्त्यावर नुसता कल्लोळ चाललेला असतो.

या कल्लोळात सगळ्यात आधी कानावर पडतो तो एक शब्द. “सर्क! सर्क-सर्क-सर्क!” ओरडणारा असतो ट्रोट्रोच्या दारात लटकलेला पोरगा. ट्रोट्रो म्हणजे तिकडची वडाप. जुनी व्हॅन, आत दाटीवाटीने माणसं, मागच्या काचेवर देवाचं नाव नाहीतर एखादं सुविचारवजा वाक्य, आणि भरल्याशिवाय गाडी हलत नाही. अगदी ओळखीचं चित्र. दारातल्या पोराला ‘मेट’ म्हणतात. पूर्वी या गाड्यांचं भाडं तीन पेन्स होतं आणि त्या नाण्यासाठी जो स्थानिक शब्द होता त्यावरून ट्रोट्रो हे नाव पडलं. आणि ‘सर्क’ म्हणजे सर्कल, क्वामे एनक्रुमा सर्कल. देशाच्या पहिल्या पंतप्रधानाचं आणि राष्ट्राध्यक्षाचं नाव दिवसातून हजारो वेळा ओरडलं जातं, पण त्यातलं ‘क्वामे’ही गळालंय आणि ‘एनक्रुमा’ही. राहिलाय फक्त गोल चौक. आपण नाही का ‘सीएसटी, सीएसटी’ म्हणतो? छत्रपतींचं नाव त्या तीन अक्षरांत कुठे ऐकू येतं?

पण मला आज तुम्हाला सर्कलला न्यायचं नाहीये. मला न्यायचंय समुद्राकाठच्या दुसऱ्या एका चौकात, जिथे एका शनिवारी दुपारी तीन माणसं मेली. हे तिघं निवृत्त सैनिक होते. त्यांच्यासारख्या हजारो जणांनी जे युद्ध लढलं, त्याचा रस्ता आपल्या मुंबईवरून गेला होता. शाळेच्या पुस्तकात आपल्याला हे कुणी सांगितलं नाही.

तर चालायला लागू.

आक्राचा जुना भाग म्हणजे जेम्सटाउन आणि अशरटाउन. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं दीपगृह, खाली वाळूवर रंगीबेरंगी लांबट होड्या, मासे वाळवण्याचा आणि धुरी देण्याचा वास, मुष्टियुद्धाच्या तालमी. हो, तालमीच! या एवढ्याशा वस्तीतून घानाचे जगज्जेते मुष्टियोद्धे निघालेत. ही मूळ वस्ती गा लोकांची. त्यांचा होमोवो नावाचा सण असतो. होमोवोचा अर्थ साधारण ‘भुकेची टर उडवणं’. कधीकाळी मोठा दुष्काळ पडला, मग पीक आलं, तेव्हा लोकांनी भुकेला वाकुल्या दाखवल्या, अशी कथा. सणाआधी साधारण महिनाभर ढोल वाजवायला आणि गोंगाट करायला बंदी असते. आक्रासारख्या शहरात महिनाभर आवाज बंद! आपल्या गणपती मंडळांना सांगून बघा.

याच किनाऱ्यावर तीन किल्ले होते, आणि एकमेकांपासून इतके जवळ की हसू येतं. डचांचा एक, इंग्रजांचा एक आणि थोडं पूर्वेला डेन्मार्कवाल्यांचा एक. तिघांना पाहिजे होतं सोनं, आणि नंतर माणसं. म्हणजे गुलाम. डेन्मार्कच्या किल्ल्याचं नाव ख्रिश्चनबोर्ग, आजच्या भाषेत ओसू कॅसल. पांढराशुभ्र आहे, समुद्रावर उभा आहे, फोटोत फार सुंदर दिसतो. त्याच्या पोटातल्या कोठड्यांतून माणसं जहाजांवर चढवली जायची, हे फोटोत दिसत नाही.

या किल्ल्याची एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १६९३ साली असामेनी नावाच्या माणसाने हा किल्ला घेतला. तो अक्वामू राज्याचा. त्याने पूर्वी किल्ल्यात काम केलेलं, त्यामुळे आतलं सगळं ठाऊक. त्याने गोऱ्यांना सांगितलं, गिऱ्हाईकं आणतो, बंदुका विकत घ्यायच्यात. आपली माणसं व्यापारी म्हणून आत नेली. बंदुका हातात घेऊन बघायला मिळाल्या, आणि बार भरायचं सामान ते लपवून घेऊनच आले होते. पुढचं तुम्हाला कळलंच. वेश पालटून किल्ला घेतला अशा छापाच्या गोष्टी ऐकत आपण मोठे झालो (त्यातल्या किती खऱ्या तो वेगळा भाग), पण ही खरी आहे. असामेनी वर्षभर किल्ल्याचा धनी होता. मग त्याने सोनं घेऊन किल्ला डेन्मार्कवाल्यांना परत विकला, पण किल्ल्या दिल्या नाहीत! त्या किल्ल्या अक्वामू लोकांकडे आजही आहेत, मानाची वस्तू म्हणून.

डेन्मार्कने १८५० मध्ये किल्ला इंग्रजांना विकून टाकला. १८७७ मध्ये इंग्रजांनी गोल्ड कोस्ट वसाहतीची राजधानी केप कोस्टहून आक्राला हलवली. पुढे गव्हर्नर राहायला लागला याच किल्ल्यात. म्हणून लोकांना काही मागायचं असेल तर मोर्चा जायचा तो याच पांढऱ्या भिंतींकडे. हे लक्षात ठेवा.

आता थेट १९४८.

युद्ध संपून अडीच वर्षं झालीत. गोल्ड कोस्टमध्ये महागाईने लोक मेटाकुटीला आलेत. महागाई कसली, तर आयात मालाची : पत्रे, साखर, डबाबंद मासे, आणि मुख्य म्हणजे कापड. पश्चिम आफ्रिकेत कापड ही नुसती अंग झाकायची वस्तू नाही. ते मेणाचा हात देऊन छापलेलं झगझगीत रंगांचं कापड तुम्ही रीलमध्ये नक्की पाहिलं असेल. गंमत म्हणजे ते मुळात जावा बेटाच्या बाटिकची नक्कल करून युरोपातल्या कारखान्यांत बनायला लागलं आणि खपलं आफ्रिकेत. बाजारातल्या बायकांनी त्याच्या नक्षीला नावं दिली. नवऱ्याला टोमणा मारणारं कापड, सवतीला बजावणारं कापड. बारसं, लग्न, मयत, प्रत्येकाचं कापड वेगळं. पैठणी महाग झाली तर आपण घेणार नाही, पण मयताचं कापडच परवडेना झालं तर?

हा माल आणायच्या मोठ्या कंपन्या मोजक्याच. सगळ्यात मोठी युनायटेड आफ्रिका कंपनी, म्हणजे युनिलिव्हरची कंपनी. हो, तीच युनिलिव्हर, जिचा साबण आपल्या मोरीत आहे. या कंपन्यांनी मिळून व्यापाऱ्यांची एक संघटना केली होती, असोसिएशन ऑफ वेस्ट आफ्रिकन मर्चंट्स. इंग्रजी आद्याक्षरं जोडली की होतं ‘अवाम’. लोकांची खात्री होती की भाव हेच लोक संगनमताने ठरवतात. आजही घानाच्या बोलीत ‘अवाम’ म्हणजे फसवं, खोटंनाटं. उर्दूत अवाम म्हणजे जनता. योगायोगच, पण मला तो विसरता येत नाही.

या अवामविरुद्ध उभा राहिला ओसूचा एक सरदार, नी क्वाबेना बोने. ‘नी’ हा गा लोकांचा मानाचा शब्द आहे. आपल्याकडे नावाला राव लागतं, तिकडे पुढे नी लागतं. हा माणूस स्वतः व्यापारी होता, त्याला नफ्याचं गणित कळत होतं. त्याने गावोगाव फिरून महागाईविरोधी मोहीम उभारली. म्हणणं साधं : भाव उतरवा, नाहीतर आम्ही घेत नाही, दुकानं बंद करून माल परत घेऊन जा. जानेवारी १९४८ च्या शेवटी बहिष्कार सुरू झाला. युरोपियन आणि सिरियन-लेबनीज दुकानांतून आयात माल घ्यायचा नाही. आणि तो चालला! महिनाभर लोकांनी जुनंच नेसलं. परदेशी कापडावर बहिष्कार ही कल्पना आपल्याला नवी सांगायला नको. फरक इतकाच की इथे होळी नव्हती, चरखा नव्हता. इथे फक्त हिशोब होता.

शेवटी सरकारने मध्यस्थी केली. कंपन्यांनी कबूल केलं की काही मालावरचा ढोबळ नफा ७५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणू. बहिष्कार संपायची तारीख ठरली शनिवार, २८ फेब्रुवारी. आता बघा घोळ कसा झाला. ७५ वरून ५०, म्हणजे किंमत किती उतरणार? शंभर रुपयांना पडलेली वस्तू १७५ ला मिळत होती, ती आता १५० ला. म्हणजे सातवा हिस्सा स्वस्त. पण लोकांपर्यंत पोचलं असं की भाव अर्ध्यावर आले. शनिवारी सकाळी बायका पैसे गाठीला बांधून दुकानात गेल्या, पाटी वाचली, आणि त्यांना वाटलं की पुन्हा फसवलं. टक्केवारीतल्या एका गैरसमजाने शहर पेटायला आलं होतं. मला शाळेत टक्केवारी कधी आवडली नाही, पण हे उदाहरण दिलं असतं तर कदाचित आवडली असती.

आणि त्याच शनिवारी, शहराच्या दुसऱ्या टोकाला, निवृत्त सैनिक मोर्चाची तयारी करत होते.

आता जरा मागे जाऊ, कारण ही माणसं कोण हे कळलं पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात गोल्ड कोस्टमधून सुमारे ६५ हजार माणसं ब्रिटिश सैन्यात होती. आधी पूर्व आफ्रिकेत इटलीविरुद्ध लढली. मग १९४३ च्या ऑगस्टपासून पश्चिम आफ्रिकेची ८१ वी डिव्हिजन भारतात यायला लागली, तिच्यामागून ८२ वी. जहाजं मुंबईला लागली. म्हणजे बॅलार्ड पिअरच्या आसपास कुठेतरी घाना, नायजेरिया, सिएरा लिओन, गांबियाची पोरं उतरली, रेल्वेत बसली आणि देश ओलांडून पूर्वेला गेली. तिथून बर्मा. अराकानचा प्रदेश, कलादान नदीचं खोरं. रस्ते नाहीत, खेचरं नाहीत. सगळं सामान डोक्यावर. पश्चिम आफ्रिकेत डोक्यावर ओझं वाहायची सवय आहे, म्हणून सैन्यात भारवाहकांच्या तुकड्याच होत्या. अन्न आणि दारूगोळा वरून विमानातून टाकला जायचा. ८१ व्या डिव्हिजनचं बोधचिन्ह काय होतं माहितीये? कोळी. जाळं विणणारा कोळी, अनान्सी. घानाच्या लोककथांतला तो लबाड नायक, अंगात ताकद नसताना डोक्याने मोठ्या जनावरांना फसवणारा. आपल्याकडच्या गोष्टींतला कोल्हा समजा.

ही लढाई आपल्या इतिहासात कुठे आहे? इम्फाळ-कोहिमा आपण थोडंफार वाचतो, आझाद हिंद सेना वाचतो. अराकानच्या जंगलात डोक्यावर पेट्या घेऊन चाललेली ही माणसं कुठेच नाहीत. त्यांच्याकडे मात्र आहेत. आक्रामधल्या घाना सैन्याच्या मुख्यालयाचं नाव आजही ‘बर्मा कॅम्प’ आहे. ताकोराडी शहरातल्या छावणीचं नाव ‘म्योहाउंग’, अराकानमधल्या एका जुन्या राजधानीवरून. तिथल्या माणसाला नकाशावर बर्मा दाखवावा लागत नाही.

पुढे अनेकांनी लिहिलंय की या सैनिकांनी भारतात स्वातंत्र्याची चळवळ पाहिली आणि ते पेटून परत गेले. ऐकायला छान वाटतं, आपल्याला अभिमानही वाटतो. मला मात्र हे जरा जास्तच गोड वाटतं. काहींचं तसं झालंही असेल. पण २८ फेब्रुवारीला त्यांच्या हातातल्या अर्जात जे होतं ते फार साधं होतं. पेन्शन पुरत नाही. नोकऱ्या मिळत नाहीत. जाताना जे सांगितलं होतं ते द्या. त्यांनी आधी स्वातंत्र्य मागितलं नव्हतं, ठरलेले पैसे मागितले होते. आणि मला वाटतं साम्राज्याला तेच जड गेलं. घोषणा देणाऱ्याला बंडखोर म्हणता येतं. थकबाकी मागणाऱ्याला काय म्हणणार?

आपल्या मुंबईतही दोन वर्षांपूर्वी, त्याच फेब्रुवारीत हेच झालं होतं. १९४६ मध्ये ‘तलवार’वरच्या नौसैनिकांनी संप केला, त्याची सुरुवात खराब जेवणापासून आणि अपमानापासून झाली होती. युद्ध जिंकून आलेल्या माणसाला वाईट डाळ वाढू नये, एवढं शहाणपण मुंबईत आलं नाही आणि आक्रातही नाही.

तर २८ फेब्रुवारी. दुपार. सैनिक जमले पोलो ग्राउंडवर, म्हणजे गोऱ्या साहेबांच्या पोलोच्या मैदानावर. नाव लक्षात ठेवा, आपण इथे परत येणार आहोत. अर्ज सरकारी कचेरीत द्यायचा आणि ठरलेल्या रस्त्याने परत जायचं, अशी परवानगी होती. पण मोर्चा वाढत गेला, साधारण दोन हजार माणसं झाली, आणि वाटेत त्यांनी ठरवलं की कारकुनाच्या हातात कशाला, थेट गव्हर्नरकडे जाऊ. गव्हर्नर सर जेराल्ड क्रीझी, जेमतेम महिना-दीड महिन्यापूर्वी आलेला. त्याचा मुक्काम किल्ल्यात. मोर्चा समुद्राकडे वळला.

ख्रिश्चनबोर्गच्या अलीकडे एक चौक लागतो. तिथे सुपरिंटेंडेंट कॉलिन इमरे हा इंग्रज पोलीस अधिकारी लहानशी तुकडी घेऊन आडवा आला. पुढे जाऊ नका म्हणाला. मोर्चा थांबेना. दगड आले. अश्रुधूर सोडला, तो वाऱ्याने उलटा फिरला. इमरेने गोळीबाराचा हुकूम दिला, आणि त्याच्या आफ्रिकन शिपायांनी तो लगेच पाळला नाही. काही जण थबकले. समोर त्यांच्याच गावची माणसं होती, काहींच्या छातीवर बर्माची पदकं. तेव्हा इमरेने शेजारच्या शिपायाच्या हातातली रायफल ओढून घेतली आणि स्वतः गोळ्या झाडल्या.

तिघं पडले. सार्जंट कॉर्नेलियस अजेतेय. कॉर्पोरल पॅट्रिक अतिपो. प्रायव्हेट ओदार्तेय लाम्प्ते.

अर्ज गव्हर्नरच्या हातात पडला नाही.

बातमी शहराच्या मध्यावर पोचली तेव्हा तिथे कापडाच्या भावावरून आधीच लोक खवळलेले होते. दोन राग एकत्र आले. युनायटेड आफ्रिका कंपनीची दुकानं पेटली, गाड्या पेटल्या, अशर फोर्टच्या तुरुंगातून कैदी सोडवले गेले. दंगल कुमासीपर्यंत पसरली. काही दिवसांत २९ माणसं मेली, २३७ जखमी झाली. या दंगलीत लूटमार झाली, निरपराधांचं नुकसान झालं, सिरियन-लेबनीज छोटे दुकानदार भरडले गेले. ते झाकायचं कारण नाही. चळवळीचा इतिहास सांगताना आपण धूर दाखवतो आणि दुकान कुणाचं होतं ते सांगत नाही.

सरकारला वाटलं, हे कुणीतरी मुद्दाम घडवलंय. म्हणून मार्चमध्ये युनायटेड गोल्ड कोस्ट कन्व्हेन्शन या पक्षाच्या सहा पुढाऱ्यांना उचललं. जे. बी. डान्क्वा, ओबेत्सेबी-लाम्प्ते, आको अजेई, अकुफो-आडो, विल्यम ओफोरी अट्टा आणि नुकताच डिसेंबरमध्ये लंडनहून परतलेला चिटणीस, क्वामे एनक्रुमा. गंमत अशी की ना बहिष्कार यांचा होता, ना मोर्चा यांचा. पण अटकेने ते रातोरात ‘बिग सिक्स’ झाले. आज घानाच्या नोटांवर या सहा जणांचे चेहरे आहेत, चौकांना आणि पुलांना त्यांची नावं आहेत. ट्रोट्रोतून ‘ओबेत्सेबी, ओबेत्सेबी’ ओरडतात तो यांच्यातलाच एक.

पुढचं वेगाने सांगतो, कारण हा भाग कुठल्याही घानाच्या इतिहासात मिळेल. चौकशी आयोग आला, त्याने म्हटलं जुनी राज्यघटना चालणार नाही. नव्या घटनेसाठी सगळ्या आफ्रिकन सदस्यांची समिती नेमली. एनक्रुमाला वकिलांचा तो सावकाश पक्ष सोसेना. १२ जून १९४९ ला त्याने आक्रामध्येच स्वतःचा कन्व्हेन्शन पीपल्स पार्टी काढला. शहाणी माणसं म्हणत होती ‘शक्य तितक्या लवकर’, तो म्हणाला ‘आत्ता’. त्याच्यामागे कोण होतं? शिक्षण अर्धवट राहिलेली पोरं, ड्रायव्हर, कामगार, निवृत्त शिपाई, आणि बाजारातल्या बायका. त्या बायकांनी पक्षाला पैसा पुरवला, गर्दी पुरवली. १९५० च्या जानेवारीत त्याने संप पुकारला, ‘पॉझिटिव्ह अ‍ॅक्शन’, गांधींचा धडा समोर ठेवून. तुरुंगात गेला, जेम्स फोर्टमध्ये. म्हणजे त्या तीन किल्ल्यांतला इंग्रजांचा. तिथे बसून १९५१ ची निवडणूक लढवली. आक्रा सेंट्रल मतदारसंघात २३,१२२ पैकी २२,७८० मतं त्याला. कैद्याला सोडून सरकार बनवायला बोलवावं लागलं.

आणि ६ मार्च १९५७, मध्यरात्र. घाना स्वतंत्र झाला. भाषण कुठे झालं? पोलो ग्राउंडवर. ज्या मैदानातून ते सैनिक निघाले होते, त्याच मैदानावर. लाकडी मंचावर एनक्रुमा आणि सहकारी उभे, अंगात उत्तरेकडचा जाड सुती डगला, काहींच्या डोक्यावर टोपी आणि टोपीवर ‘पी. जी.’ ही अक्षरं. पोस्ट ग्रॅज्युएट नव्हे हं, प्रिझन ग्रॅज्युएट. तुरुंगातून पदवी घेतलेले! गर्दीत मार्टिन ल्यूथर किंगही होते.

आज तिथे एनक्रुमाचं स्मारक आहे, आक्रात गेलात तर पहिल्यांदा तेच दाखवतात. समोर हात पुढे केलेला मोठा पुतळा. पण मागच्या बाजूला जा. तिथे आणखी एक पुतळा आहे, त्याला डोकं नाही. डोकं बाजूला वेगळं ठेवलंय. २४ फेब्रुवारी १९६६ ला, एनक्रुमा परदेश दौऱ्यावर असताना सैन्याने आणि पोलिसांनी सत्ता घेतली, आणि जमावाने हा पुतळा पाडला. तोवर त्याने एकपक्षीय राजवट आणली होती, विरोधकांना खटल्याशिवाय डांबलं होतं. बिग सिक्समधला डान्क्वा १९६५ मध्ये तुरुंगातच मेला. म्हणजे ज्या दोघांना इंग्रजांनी बरोबर पकडलं, त्यांपैकी एकाने पुढे दुसऱ्याला कोठडीत टाकलं. आणि १९६६ च्या बंडातला एक अधिकारी, कोटोका, वर्षभराने दुसऱ्या एका फसलेल्या बंडात मारला गेला. १९६९ मध्ये विमानतळाला त्याचं नाव दिलं. पुढे कित्येक वर्षं पाहुणा कोटोकाच्या नावाने उतरायचा आणि एनक्रुमाच्या नावाचा ट्रोट्रो पकडायचा. तुटलेला पुतळा त्यांनी तसाच तुटका मांडलाय, हे मला फार आवडतं. आपण असतो तर रंग मारून नवा बसवला असता.

पुतळ्यांचा विषय निघालाच आहे तर आपलीही एक गोष्ट. २०१६ मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जी आक्रात गेले आणि त्यांनी घाना विद्यापीठात गांधीजींच्या पुतळ्याचं अनावरण केलं. तिथल्या प्राध्यापकांनी विरोध केला. मुद्दा होता दक्षिण आफ्रिकेतल्या तरुण गांधींनी तिथल्या काळ्या लोकांबद्दल जे लिहिलं त्याचा. २०१८ च्या डिसेंबरमध्ये पुतळा काढला गेला. आपल्याकडे बऱ्याच जणांना राग आला. मला वाटतं, ते लिखाण आधी वाचावं आणि मग रागवावं. एनक्रुमाने गांधींकडून घेतलं हे खरं, आणि त्या प्राध्यापकांना जे खुपलं तेही खरं. दोन्ही एकाच शहरात घडलं.

आता शेवटचा थांबा. माकोला मार्केट. १९२४ मध्ये इंग्रजांनी बांधलेला बाजार. कापड, मिरच्या, सुकी मासळी, गोगलगायी, साबण, घड्याळं, जे मागाल ते. आणि गादीवर बसलेल्या, सगळ्या बाजाराचा भाव बोटांवर मोजणाऱ्या बायका. १९४८ मध्ये याच बायका महागाईने होरपळल्या होत्या, यांच्याच पैशावर पक्ष उभा राहिला. १९७९ मध्ये जेरी रॉलिंग्जच्या सैनिकांनी सत्ता घेतली तेव्हा देशात भयंकर टंचाई होती, आणि दोष आला याच बायकांवर. साठेबाज म्हणून. त्यांना चारचौघांत फटके मारले. ऑगस्ट १९७९ मध्ये सैनिकांनी माकोला नंबर एक लुटला आणि सुरुंग लावून जमीनदोस्त केला. भाव कमी झाले नाहीत. त्या जागेला नाव पडलं रॉलिंग्ज पार्क. त्याच्या आजूबाजूला आज परत बाजार भरतो, फुटपाथवर, रस्त्यावर, गाड्यांच्या मधून.

१९४८ मध्ये महागाईचं कारण कंपनी, १९७९ मध्ये टोपलीवाली बाई. पहिल्या वेळी गोळी घालायला इंग्रज अधिकारी होता, दुसऱ्या वेळी चाबूक मारायला आपलेच सैनिक. माकोलात आज एखाद्या वयस्क बाईसमोर उगाच मोबाइल धरून फोटो काढू नका. विचारून काढा. तिने काय पाहिलंय ते आपल्याला माहीत नसतं.

चालून भूक लागली असेल तर कोपऱ्यावर वाचे खा. लिहायचं वेगळं असतं, पण म्हणायचं ‘वाचे’. भात आणि चवळी एकत्र शिजवलेलं, ज्वारीच्या जातीच्या पानांमुळे लालसर झालेलं, वर झणझणीत काळी मिरचीची चटणी. पानात बांधून देतात. आपल्या खिचडीची लांबची बहीणच.

आणि मग संध्याकाळी ऊन उतरलं की त्या चौकात जा. स्मारकापासून समुद्राच्या कडेने पायी अर्ध्या तासाच्या आत पोचाल. रस्त्याचं नाव ‘२८ फेब्रुवारी रोड’. तिथे आज ब्लॅक स्टार स्क्वेअर आहे, तीस हजारांच्या वर माणसं मावतील एवढं संचलनाचं मैदान, काळा तारा मिरवणारी मोठी कमान, एनक्रुमाने १९६१ मध्ये पेटवलेली ज्योत. सगळं भव्य. त्या भव्यतेत तीन शिपायांची खूण शोधावी लागते. सापडते, पण शोधावी लागते. दर वर्षी २८ फेब्रुवारीला तिथे फुलं वाहतात. बर्मा पाहिलेली माणसं पूर्वी पांढऱ्या काठ्या टेकत रांगेने यायची, आता त्यातलं जवळपास कुणी उरलं नाही.

मागे समुद्र असतो, पूर्वेला किल्ल्याच्या पांढऱ्या भिंती दिसतात. मोर्चाला तिथवरच जायचं होतं. मधलं अंतर चालायला फार तर दहा-पंधरा मिनिटं लागतात.

पुढच्या भागात भेटू.